कोऱ्या नमुन्याचा रंग

उकळत्या द्रावणात सायट्रेट ओतलं की पहिले काही सेकंद काहीच होत नाही. सोन्याच्या क्षाराचा फिकट पिवळा रंग विरतो आणि फ्लास्कमध्ये नुसतं पाणी उकळतंय असं वाटायला लागतं. मग कुठूनतरी करडी-निळी झाक येते, बघता बघता शाईसारखी गडद होते, शाईची जांभळी होते आणि त्या जांभळ्यातून हळूहळू माणकासारखा लाल वर येतो. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. आजवर किती वेळा केला याची मोजदाद नाही, पण तो लाल येईपर्यंत अजूनही मी हॉटप्लेटपासून हलत नाही.

पहिल्यांदा केलं तेव्हा तो आलाच नाही. रंग जांभळ्यावर अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तळाशी काळपट गाळ बसलेला आणि वरचं पाणी स्वच्छ. पीएच.डी.ला लागून जेमतेम दहा दिवस झाले होते, पोटात गोळाच आला. सरांनी फ्लास्क उजेडाकडे धरला आणि एवढंच विचारलं, "धुतला कशाने होतास?" साबणाने, मग डिस्टिल्ड पाण्याने, मी म्हटलं. ते मला फ्यूम हूडपाशी घेऊन गेले. तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्लात एक भाग नायट्रिक मिसळून सोनं विरघळवणारं आम्लराज कसं करायचं, झाकण घट्ट का लावायचं नाही, उरलेलं कुठे टाकायचं, सगळं दाखवलं. म्हणाले, "काचेवर आदल्या माणसाचं सोनं बसलंय, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. तुझं सोनं जाऊन त्याच्यावर बसणार. आधी काच कोरी कर."

काच कोरी करणं हे नॅनोकणांपासून सेन्सर बनवण्याच्या क्षेत्रातलं माझं पहिलं काम. पुढची वीसेक वर्षं मी निरनिराळ्या नावांनी तेच करत आले.

सोनं लाल का दिसतं हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सुमारे १३ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सोन्याच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकदम डोलतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळून टाकतात. उरतो तो लाल. असे दोन कण एकमेकांच्या फार जवळ आले की त्यांचं डोलणं एकमेकांत गुंततं, गिळला जाणारा प्रकाश लांब तरंगांकडे सरकतो आणि द्रावण निळं-जांभळं होतं. एकेक कण रंगद्रव्याच्या एका रेणूच्या हजारपटीहून जास्त प्रकाश शोषतो, म्हणून अगदी थोडं सोनंही नुसत्या डोळ्यांना दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली असं लाल सोनं बनवून त्यावर व्याख्यान दिलं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. आम्ही वापरतो ती सायट्रेटची कृती टर्केविच, स्टीव्हन्सन आणि हिलियर यांची, १९५१ सालची. सत्तरहून जास्त वर्षं झाली, प्रयोगशाळेत नवा आलेला विद्यार्थी अजूनही तिथूनच सुरुवात करतो.

कण दूर असले तर लाल, जवळ आले तर निळा. म्हणजे आपल्याला शोधायचा पदार्थ कणांना जवळ आणतो अशी काही व्यवस्था करता आली, तर रंग बघून तो पदार्थ आहे की नाही ते सांगता येईल. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने १९९६ साली सोन्याच्या कणांना डीएनएचे धागे बांधून हे करून दाखवलं, आणि त्यानंतर जी लाट आली तिच्यातच मी या विषयात आले. माझा विषय होता पाण्यातला पारा. डीएनएमधलं थायमिन हे अक्षर एरवी अ‍ॅडेनिनशी जोडी जमवतं. पण पाऱ्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, असला तर दोन थायमिन त्याला मध्ये धरून एकमेकांशीच जुळतात. अकिरा ओनो आणि हुमिका तोगाशी यांनी २००४ साली यावर बेतलेला सेन्सर केला होता. आम्ही त्याच्या पुढची, जास्त सोपी वाट धरली. थायमिनचा भरणा असलेला डीएनएचा सुटा धागा सोन्यावर लोळण घेतो आणि त्याला मिठापासून वाचवतो. पारा आला की धागा पाऱ्याभोवती दुमडतो आणि सोन्याला सोडून जातो. मग चिमूटभर मीठ टाकायचं. उघडं पडलेलं सोनं लगेच एकमेकांना चिकटतं, निळं होतं. पारा नसेल तर लालच राहतं.

आणि खरंच तसं झालं. दहा कुप्या, डावीकडून उजवीकडे पारा वाढत जाणारा, आणि लालापासून निळ्यापर्यंत उतरत गेलेला रंग. तो फोटो मी कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरत होते. डाव्या टोकाला पारा नसलेली कुपी होती, जिला आम्ही ब्लँक म्हणतो. ती लाल होती. तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मीही नाही.

सहा महिन्यांनी पहिल्यांदा खऱ्या विहिरीचं पाणी आणलं. त्यात पारा नव्हता, हे मोठ्या यंत्रावर आधीच तपासून घेतलं होतं. आमच्या कुपीत ते पाणी घातलं आणि मीठ टाकायच्या आधीच सोनं निळं झालं. दुसऱ्या विहिरीचं, तेच. नळाचं पाणी जरा वेळाने, पण तेच. चार दिवस मी काच पुन्हा पुन्हा आम्लराजाने धुतली. दोष काचेचा नव्हता. पाण्यात कॅल्शियम होतं, मॅग्नेशियम होतं, आणि सोन्याच्या दृष्टीने तेही मीठच, साध्या मिठापेक्षा किती तरी तिखट. कणांना एकमेकांपासून लांब ठेवायचं काम सायट्रेटचा ऋण भार करतो, तो भार कॅल्शियमने झाकून टाकला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. पाण्यात भार असला तरी तो लांबवर 'दिसत' नाही, आजूबाजूचे आयन त्याच्याभोवती गर्दी करून त्याला झाकतात. किती अंतरावर तो झाकला जातो ते डिबाय लांबीवरून कळतं. डिबाय आणि ह्यूकेल यांचं हे काम १९२३ सालचं. अगदी पातळ द्रावणात ही लांबी दहा नॅनोमीटरच्या घरात असते. आपल्या रक्तात जितकं मीठ असतं तितक्या खारटपणात ती एक नॅनोमीटरही भरत नाही, पाऊण नॅनोमीटरच्या आसपास येते. तेव्हा मी हा आकडा वहीत लिहून घेतला, प्रबंधात एक परिच्छेद टाकला आणि पुढे गेले. तो पुन्हा माझ्या वाटेत येणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

प्रबंध झाला. त्यात "विहिरीच्या पाण्यात ही पद्धत थेट वापरता येत नाही" असं एक वाक्य आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. आज लिहिला असता तर ते पहिल्या पानावर घेतलं असतं.

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, मी वायूंकडे वळले. सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या निबंधानंतर कार्बन नॅनोट्यूबांवर, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांवर, जगभर काम सुरू झालं होतं. २००० साली स्टॅनफर्डमधल्या होंगजी दाई यांच्या गटाने एकेकट्या नॅनोट्यूबचा विद्युतरोध नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनियाने किती बदलतो ते दाखवलं, तेही खोलीच्या तापमानाला. त्याआधीचे टिन ऑक्साइडचे सेन्सर काही शे अंश तापवावे लागत. नॅनोट्यूबला ती गरज नव्हती. तिचे सगळे अणू पृष्ठभागावरच असतात, आत लपलेलं काहीच नाही. म्हणून जे काही चिकटतं ते तिला लगेच जाणवतं. अडचणही नेमकी तीच आहे. तिला सगळंच जाणवतं.

माझं काम होतं अमोनिया, अगदी कमी मात्रेचा. कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकांत शिरलेल्या दोन इलेक्ट्रोडांवर नॅनोट्यूबांचा थेंब वाळवायचा आणि त्यावरून वायू सोडत रोध मोजायचा. वायू येत होते दोन नळ्यांतून. एका नळीत कोरड्या नायट्रोजनमध्ये मिसळलेला अमोनिया, सिलिंडरमधून. दुसरीत पाण्यातून बुडबुडे काढून ओली केलेली हवा. एकूण प्रवाह कायम ठेवायचा, अमोनियाचा वाटा वाढवायचा तर ओल्या हवेचा तेवढाच कमी करायचा. आलेख असा सुरेख आला की मीच दोनदा मोजला. अमोनिया दुप्पट, प्रतिसाद दुप्पट. ठिपके सगळे एका रेषेवर. निबंधाचा मसुदा तयार झाला, आकृत्या झाल्या, पाठवायची तारीखही ठरली.

शुक्रवारी संध्याकाळी घरी निघायच्या आधी अमोनियाचं सिलिंडर संपत आलंय असं दिसलं. नवीन सोमवारी येणार होतं. म्हणून तात्पुरतं साधं नायट्रोजनचं सिलिंडर लावून ठेवलं, नळ्या कोरड्या राहाव्यात म्हणून, आणि आठवड्याचा कार्यक्रम संगणकावर तसाच चालू राहिला. सोमवारी सकाळी आलेख उघडला. पायऱ्या होत्या. शुक्रवारसारख्याच, एकामागून एक चढत गेलेल्या, नीट सरळ रेषेत बसणाऱ्या पायऱ्या. अमोनियाचा एक रेणूही नसताना.

मी खुर्चीतून उठून सिलिंडरवरची चिठ्ठी वाचून आले. मग परत गेले आणि पुन्हा वाचली.

घडलं होतं ते असं. अमोनियाचा वाटा वाढवताना मी दर वेळी ओली हवा कमी करत होते, म्हणजे दर पायरीला मिश्रण जास्त कोरडं होत होतं. नॅनोट्यूब ते कोरडेपण टिपत होती, आणि तेही मी वाढवलेल्या अमोनियाच्या अगदी प्रमाणात. रेषा सरळ आली कारण माझ्या नळ्यांचं गणित सरळ होतं. मोजून पाहिलं तेव्हा ज्याला मी अमोनियाचा प्रतिसाद म्हणत होते त्याचे दोन तृतीयांश नुसत्या बाष्पाचे होते.

गटप्रमुखांना सांगायला जाताना पाय जड झाले होते. त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बराच वेळ पाहिले. म्हणाले, "मग आता खरं किती उरलं ते मोज." रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. त्या दिवसापासून तिसरी नळी बसली. तिच्यात कोरडा नायट्रोजन, अमोनियाच्या नळीच्या बरोबर उलट चालणारा, म्हणजे मिश्रणातली बाष्पाची पातळी हलायलाच नको. निबंध अकरा महिन्यांनी गेला. त्यातला प्रतिसाद पहिल्या मसुद्याच्या एक तृतीयांश होता, आणि तो अमोनियाचा होता.

नॅनोट्यूबांनी मला आणखी एक सवय लावली, वाट बघण्याची. नायट्रोजन डायऑक्साइड एकदा चिकटला की खोलीच्या तापमानाला सुटायला तासन् तास घेतो. तापवलं किंवा अतिनील प्रकाश टाकला तर लवकर सुटतो. आधीच्या मोजणीचे रेणू अजून घर सोडून गेलेले नसताना पुढची मोजणी सुरू केली तर कालचा वायू आजच्या आकड्यात येतो. प्रतिसाद नॅनोट्यूबच्या अंगात उमटतो की धातूच्या इलेक्ट्रोडशी ती जिथे टेकते त्या सांध्यात, यावरही या क्षेत्रात बरीच वर्षं वाद चालला. मी दोन्ही बाजूंचे प्रयोग केले. माझ्या उपकरणांत सांध्याचा वाटा मोठा होता, इतकंच मी खात्रीने सांगू शकते.

स्वतःची प्रयोगशाळा मिळाली त्याची हकीकत फार लांबवत नाही. अनुदानाचे अर्ज, नाकारलेले अर्ज, यंत्राची वाट, पहिली विद्यार्थिनी. तिला मी सगळ्यात आधी जे शिकवलं ते शोधमर्यादेचं गणित. कुठलाही सेन्सर कमीत कमी किती पदार्थ ओळखू शकतो हा आकडा निबंधाच्या शीर्षकाखालीच झळकतो, आणि तो निघतो कोऱ्या नमुन्यातून. ब्लँक पुन्हा पुन्हा मोजायचा, मोजण्यांत किती चढउतार आहे ते प्रमाण विचलन काढायचं, त्याच्या तिपटीला आलेखाच्या चढाने भागायचं. आपण सगळे पदार्थाच्या शोधात जीव ओततो आणि अंतिम आकडा ठरवतं ते पदार्थ नसलेलं पाणी.

बहुतेक जण एकाच कुपीतला ब्लँक तीनदा मोजतात. मग चढउतार अर्थातच नाममात्र येतो आणि मर्यादा अविश्वसनीय खाली जाते. आम्ही ठरवलं, वीस ब्लँक करायचे, वेगवेगळ्या दिवशी, सोन्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतून, दोन वेगवेगळ्या हातांनी. मर्यादा जवळजवळ दहापट वाईट निघाली. त्याच आकड्यासह निबंध पाठवला. एका परीक्षकाने लिहिलं, आधीच्या कामांपेक्षा संवेदनशीलता कमी, नवीन काही नाही. परत आला. विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, आपण पण तीनच ब्लँक दाखवायचे का?" तिच्या आवाजात लबाडी नव्हती, नोकरीची चिंता होती, आणि ती मला पूर्ण कळत होती. मी नाही म्हटलं. निबंध तिसऱ्या ठिकाणी छापून आला, तिची पदवी आठ महिने लांबली. तो भार माझ्यावर आहे असं मला आजही वाटतं.

घाणे वेगवेगळे घ्यायचे यामागेही कारण होतं. सोन्याच्या कांड्या, म्हणजे लांबोडके कण, करताना सीटॅब नावाचा साबणासारखा पदार्थ लागतो. तीच कृती, तेच तापमान, पण एका उत्पादकाच्या सीटॅबमधून सुबक कांड्या आणि दुसऱ्याच्या सीटॅबमधून नुसते गोळे. कित्येक गटांनी यात महिने घालवले. ब्रायन कॉर्गेल यांच्या गटाने २००८-०९ मध्ये दाखवलं की काही बाटल्यांतल्या सीटॅबमध्ये आयोडाइडचा अंश असतो आणि तेवढ्याने कांड्या वाढत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे रसायनाची नवी बाटली फोडली की आधी ब्लँक होतो, मग बाकीचं.

मग रक्ताकडे वळलो. यात उडी मारण्याची घाई केली असं आता वाटतं. हार्वर्डमध्ये चार्ल्स लिबर यांच्या गटाने २००१ साली सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरून प्रथिनं ओळखून दाखवली होती. तारेवर प्रतिपिंड बसवायचं, त्याला प्रथिन चिकटलं की प्रथिनाच्या भाराने तारेतला प्रवाह बदलतो. कल्पना अशी देखणी की वाचून झोप उडाली होती. आम्हीही तारा मिळवल्या, प्रतिपिंडं बसवली. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं खारट द्रावण, पातळ केला की संकेत छान यायचा. रक्तद्रव घातला की सगळं शांत. यंत्र बिघडलंय असं समजून दोन आठवडे तारा बदलत बसलो. आणि एका दुपारी मला माझ्या प्रबंधातला तो परिच्छेद आठवला. पाऊण नॅनोमीटर. प्रतिपिंडच मुळी दहा-पंधरा नॅनोमीटर लांब, त्याच्या टोकाला चिकटलेल्या प्रथिनाचा भार तारेपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी रक्तातलं मीठ त्याला झाकून टाकत होतं. ज्या मिठाने विहिरीच्या पाण्यात माझं सोनं निळं केलं, त्याच मिठाने इथे माझ्या तारा मुक्या केल्या होत्या. खारटपणा शंभरपट कमी केला तर डिबाय लांबी दहापट वाढते. म्हणून या क्षेत्रातले बरेच जण नमुन्यातलं मीठ आधी काढून टाकतात. आम्हीही तेच केलं, पण मग "थेट रक्तात" हे शब्द निबंधातून काढावे लागले.

आणि मीठ ही तर निम्मीच अडचण. रक्तद्रवात दर लिटरला सत्तरेक ग्रॅम प्रथिनं असतात. हृदयाला इजा झाल्याचं सांगणारं ट्रोपोनिन आम्ही शोधत होतो दर लिटरला काही दहा नॅनोग्रॅममध्ये. म्हणजे हव्या त्या प्रथिनाच्या प्रत्येक कणामागे नको असलेली प्रथिनं अब्जावधी पटींनी जास्त, आणि ती सगळी पृष्ठभागावर बसायला टपलेली. आम्ही गाईच्या अल्ब्युमिनने मोकळी जागा भरून काढली, पॉलिइथिलिन ग्लायकॉलचे धागे लावले, थोडाफार आळा बसला.

पण तिथेही अडलो ते ब्लँकवरच. निरोगी माणसाच्या रक्तातही ट्रोपोनिन थोडंसं असतंच. मग कोरं रक्त आणायचं कुठून? चुंबकीय मण्यांवर प्रतिपिंडं बसवून त्या मण्यांनी आम्ही रक्तद्रवातलं ट्रोपोनिन उपसून काढलं आणि त्याला ब्लँक म्हटलं. दोन प्रतिपिंडांच्या मध्ये ट्रोपोनिन सापडलं की गुलाबी रेष उमटेल अशी आमची चाचणीची पट्टी होती. अशा बारा ब्लँकपैकी अकरांत पट्टी कोरी राहिली. बाराव्यात गुलाबी रेष उमटली, ठसठशीत. काही माणसांच्या रक्तात प्राण्यांच्या प्रतिपिंडांना चिकटणारी प्रतिपिंडं असतात. ती आमच्या दोन प्रतिपिंडांमध्ये पूल बांधत होती, मध्ये ट्रोपोनिन असो वा नसो. खऱ्या रुग्णालयात ही पट्टी असती तर त्या धडधाकट माणसाला हृदयविकाराच्या विभागात नेऊन झोपवलं असतं. आम्ही ते काम थांबवलं. थांबवण्याचा निर्णय घ्यायला मला वर्ष लागलं.

या काळात एका जुन्या सेन्सरबद्दल माझ्या मनात मोठा आदर निर्माण झाला. लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली मांडलेल्या एन्झाइम इलेक्ट्रोडमधून आजचे रक्तशर्करा मोजणारे सेन्सर आले. जगात सगळ्यात जास्त वापरला जाणारा जैवसेन्सर तो. तो मोजतो ते ग्लुकोज रक्तात लिटरला पाच मिलिमोलच्या आसपास असतं, म्हणजे भरपूर. आम्ही नॅनोवाले ज्या सूक्ष्म मात्रांच्या मागे धावतो त्याच्या अब्जावधी पटींनी जास्त. आणि तरीही तो नीट चालावा म्हणून माणसांनी दशकानुदशकं खपून रक्तातल्या इतर पदार्थांचा उपद्रव एकेक करून दूर केला.

गेल्या चार वर्षांपासून मी पुन्हा पाऱ्याकडे, त्या विहिरीच्या पाण्याकडे वळले आहे. घरगुती चाचणीच्या पट्ट्यांवर तपासणीच्या रेषेशेजारी जी दुसरी, नियंत्रणाची रेष असते, ती बघताना सुचलं. पण ती रेष एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून वाहत गेला. खोटा होकार तिला कळत नाही. आम्हाला हवा होता खोट्या होकाराचा साक्षीदार. म्हणून आता दर नमुन्याच्या दोन कुप्या होतात. दोन्हींत तेच पाणी, तेच सोनं, इतर धातूंना धरून ठेवणारं तेच रसायन. फरक एकच, पहिल्या कुपीतल्या डीएनएत थायमिनचा भरणा आणि दुसरीतल्या डीएनएत थायमिन नाहीच. पहिली निळी आणि दुसरी लाल, तर पारा. दोन्ही लाल, तर नाही. दोन्ही निळ्या झाल्या तर ते पाणी सोन्याला दुसऱ्याच कशाने तरी चिकटवतंय, आणि आपल्याला काही बोलायचा अधिकार नाही. प्रत्येक नमुना आपला ब्लँक आपल्याबरोबर घेऊन येतो. जागतिक आरोग्य संघटनेची अजैविक पाऱ्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. तिथपर्यंत आम्ही थेट पोचत नाही, पाण्यातला पारा आधी संहत करावा लागतो.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेने चाळीस बाटल्या पाठवल्या, नुसते क्रमांक घातलेल्या. कशात काय आहे ते त्यांनाच ठाऊक. माझ्या आताच्या विद्यार्थिनीने दोन दिवस एकेक करून लावल्या. मी शेजारी बसून होते, हात लावला नाही. सतरा क्रमांकाच्या बाटलीला थायमिनची कुपी निळी झाली, तिने वहीत बोट ठेवलं, आणि दुसऱ्या कुपीकडे पाहून थांबली. तीही निळी होती.

"मॅडम, काय लिहू?"

"काय दिसतंय?"

"दोन्ही निळ्या."

तिने लिहिलं: सतरा, उत्तर देता येत नाही. मग लिटमसची पट्टी घेऊन तिने बाटलीतल्या पाण्यात बुडवली. लालभडक झाली. पाऱ्यासाठीच्या बाटल्या नायट्रिक आम्लाने धुतात. या बाटलीतलं आम्ल पुरतं खळबळून काढलेलं नव्हतं. यादी उघडली तेव्हा सतरा क्रमांकापुढे लिहिलेलं होतं: शुद्ध पाणी, पारा नाही.

तिने मग ती बाटली तीनदा पाण्याने विसळली, त्यात पुन्हा शुद्ध पाणी भरलं आणि नव्याने दोन कुप्या लावल्या. अर्धा तास आम्ही दोघी त्या कुप्यांकडे बघत बसलो. दोन्ही लाल राहिल्या.